‘तवा’ हे गाव बीड जिल्ह्यात कसं गेलं

प्रश्न उदगीरच्या एका विद्यार्थ्याचा आहे, थोडक्यात असा: पाच-सहा हजार मराठी बातम्या जमवल्या आहेत. त्या वाचून मराठवाड्यातली धरणं, त्यांच्या नद्या, तालुके, जिल्हे आणि पाणीसाठा एवढं प्रोग्रामने आपलं आपण शिकावं, अशी इच्छा आहे. सुरुवातीला दहा-बारा उदाहरणं हाताने दिली. पहिल्या दोन फेऱ्यांना निकाल छान आला, पाचव्या फेरीला नुसता कचरा. आता किती वाक्यांवर हाताने खुणा करायच्या, म्हणजे कोणता शब्द धरण, कोणता नदी, कोणता साठा हे दाखवून द्यायचं? की हे सगळं सोडून चॅटबॉटलाच विचारायचं?

खुणांचा आकडा सांगतो, पण नंतर. कारण तुमची अडचण तिथे आहे असं मला वाटत नाही. पहिल्या दोन फेऱ्या छान आल्या, म्हणजे वाक्यातून माहिती उचलणं तुमच्या प्रोग्रामला जमतंय. बिघडलं ते त्याच्या पुढे. त्याने जे उचललं ते लगेच खरं धरलं आणि त्याच्याच जोरावर पुढचं शिकला. पारावर कानावर पडलेलं सगळं खरं मानून तेच पुढच्या गावात सांगत सुटणारा माणूस असतो ना, तसं झालंय. त्याला ऐकू नीट येतं. कुणाचं किती मनावर घ्यायचं, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मी गेली बरीच वर्षं संभाजीनगरात बसून मराठी मजकुरावर हेच काम करतो. बाजारभाव, पाऊस, धरणसाठे, टेंडरच्या जाहिराती, जे येईल ते. सुरुवात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं, त्या दिवसांत खऱ्या अर्थाने झाली. एका ओळखीच्या पत्रकाराला जुन्या बातम्यांतले धरणांचे आकडे एकत्र हवे होते. मी म्हटलं, हाताने कशाला, प्रोग्राम वाचेल की. तुमच्यासारखंच केलं. ‘परळी, बीड’, ‘गेवराई, बीड’, ‘औसा, लातूर’, ‘भोकरदन, जालना’ अशा डझनभर जोड्या दिल्या आणि सोडून दिलं.

पहिल्या फेरीत त्याने बातम्यांची लकब बरोबर पकडली. आपल्याकडे टीव्हीवाले सर्रास ‘बीडच्या परळीत’, ‘लातूरच्या औशात’, ‘जालन्याच्या भोकरदनमध्ये’ असं बोलतात. म्हणजे आधी जिल्हा, मग ‘च्या’, मग गाव. हा साचा हाती लागल्यावर गावंच गावं मिळाली. मी खूश. तिसऱ्या फेरीला यादीत ‘तवा, जिल्हा बीड’ दिसलं. मूळ वाक्य काढून पाहिलं तर एका पाककृतीच्या पानावर होतं: ‘बिडाच्या तव्यावर भाकरी टाकावी.’ बीड म्हणजे ओतीव लोखंड. माझ्या प्रोग्रामने ‘बिडाच्या’चं मूळ रूप ‘बीड’ काढलं, ‘तव्यावर’चं ‘तवा’ काढलं, व्याकरणात कुठेही चुकला नाही, आणि एक नवीन गाव वसवून मोकळा झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आता तवा हे गाव आहे असं ठरल्यावर तव्याबद्दल काय काय लिहितात ते तो बघायला लागला. ‘तवा तापला’ सापडलं. तिकडे बातम्यांत ‘परभणी तापली’, ‘आरक्षणावरून मराठवाडा तापला’ हे होतंच. दोन्ही बाजूंनी पुरावा! म्हणजे जे तापतं ते ठिकाण. पुढच्या फेरीला कढई, दूध, तेल आणि डोकं ही सगळी गावं झाली. ‘डोकं तापलं’ हे मराठीत किती वेळा लिहिलं जातं याचा मला तोवर अंदाज नव्हता. आमच्याकडे काम करणारा अहमदपूरचा पोरगा म्हणाला, “सर, हे लेकरू काही ऐकना गेलंय.” तर तुमच्या पाचव्या फेरीतही असा एखादा तवा नक्की आहे. तो कोणत्या फेरीला शिरला ते आधी शोधा. कचरा पाचव्या फेरीत दिसतो, पण शिरतो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच.

हा रोग आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नावाची प्रणाली सुरू केली. काम हेच: दिवसरात्र वेबपानं वाचायची आणि त्यातून माहिती शिकत राहायची. दर प्रकाराला सुरुवातीची दहा-पंधरा उदाहरणं माणसांनी दिली होती. ६७ दिवसांत तिने २,४२,४५३ गोष्टी शिकून घेतल्या आणि त्यातल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर होत्या. आकडा ऐकायला बरा आहे, पण त्याची फोड बघा. पहिल्या एक तृतीयांश फेऱ्यांत शिकलेल्यांपैकी साधारण ९० टक्के बरोबर, मधल्या टप्प्यात ७१, शेवटच्या टप्प्यात ५७. तुमचा आलेख काढलात तर उतार असाच दिसेल. त्यांचा तवा म्हणजे ‘इंटरनेट कुकी’. ब्राउझरमध्ये साठणाऱ्या कुकीला तिने भट्टीतलं बिस्किट समजलं. मग लोक कुकी डिलीट करतात तशा फाइलीही डिलीट करतात, म्हणून कॉम्प्युटरच्या फाइलीही बेकरीच्या मालात जमा झाल्या.

या कामाची मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी दाखवलं की इंग्रजी मजकुरात ‘अमुक प्रकारच्या वस्तू, जशा की हे, ते’ अशा ठरावीक शब्दरचना धुंडाळल्या, की कोणती वस्तू कोणत्या जातीची हे आपोआप कळतं. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी फक्त पाच पुस्तकं आणि त्यांचे लेखक एवढ्या भांडवलावर सुरुवात करून वेबवरून पंधरा हजारांवर जोड्या जमवल्या. उदाहरणावरून साचा, साच्यावरून नवं उदाहरण, हे चक्र तिथलंच. तुम्ही जे केलंत तेही तेच.

आता मराठीत हर्स्टबाईंच्या साच्याचं काम कोणता शब्द करतो? ‘आदी’. ‘सोयाबीन, तूर, मूग, उडीद आदी पिकांचे नुकसान झाले.’ खरिपात असं वाक्य नसलेला मराठवाड्यातला पेपर सापडायचा नाही. ‘आदी’च्या आधीची यादी आणि नंतरचा शब्द, बस, पिकं मिळाली. धरणांचंही तसंच: ‘येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव आदी प्रकल्पांत’. हा साचा सोन्यासारखा आहे, आणि मराठीत तेवढाच धोक्याचाही. ‘पिके, घरे, जनावरे आदींचे नुकसान’ इथे ‘आदी’नंतर जातीचं नाव नाही, तर नुसती विभक्ती आहे. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या बातमीचा शेवट काय असतो? ‘यावेळी अमुक, तमुक, ढमुक आदी उपस्थित होते.’ माझ्या प्रोग्रामने एकदा ‘उपस्थित’ नावाची एक जमात तयार केली होती. तिच्यात अकराशे माणसं होती. त्यामुळे ‘आदी’नंतर अनेकवचनी नाम आलं तरच साचा लागू करायचा. तुम्ही ही अट घातलीय का ते बघा, मला शंका आहे.

मग उपाय काय? मी मोंढ्यावरून घेतला. आमच्या घरात अडतीचं दुकान होतं. माल उतरला की आधी कच्च्या वहीत नोंद व्हायची. वजन झालं, बोली झाली, हमाली-तोलाई कापली की मग पक्की पट्टी. कच्च्या वहीवर कुणी उधारी देत नसे. तुमच्या प्रोग्रामलाही दोन वह्या द्या. वाचून जे मिळेल ते सगळं कच्च्या वहीत जाऊ द्या, तिथे हात आखडता घेऊ नका. पण नवा साचा शिकताना प्रोग्रामने फक्त पक्क्या वहीतली उदाहरणं वापरायची. एवढ्या एका नियमाने माझ्या कामातला निम्म्याहून जास्त कचरा थांबला. तवा कच्च्या वहीत आला असता, पण ‘तापला’ हा साचा कधी जन्मलाच नसता.

कच्च्यातून पक्क्यात जायला मी तीन अटी ठेवतो. माहिती दोन वेगळ्या साच्यांतून आलेली असावी. दोन वेगळ्या उगमांतून आलेली असावी. आणि आधी पक्क्या असलेल्या कशाशीही तिचं भांडण नसावं.

भांडणाची अट सर्वांत कामाची आहे आणि नवशिके तीच विसरतात. ‘नेल’मध्येही खरी ताकद तिचीच होती: एकाच वेळी अनेक गोष्टी शिकवायच्या आणि त्यांना एकमेकींवर लक्ष ठेवायला लावायचं. जे भांडं आहे ते गाव असू शकत नाही. जी नदी आहे ती व्यक्ती असू शकत नाही. गावाला एका वेळी तालुका एकच. म्हणून फक्त गावं शिकवू नका, सोबत भांडी, पिकं, माणसांची नावंही शिकवा, तुम्हाला त्यांची गरज नसली तरी. नुसती गावं शिकणाऱ्या प्रोग्रामला तवा हे गाव का नाही ते सांगणारं घरात कुणीच नसतं.

इथे एक सावधगिरी. भांडण दिसलं म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय असं दरवेळी नसतं. मांजरा धरण घ्या. ते धनेगावला आहे, केज तालुका, बीड जिल्हा. पण पाणी पितं लातूर, म्हणून अर्ध्या बातम्यांत ‘लातूरचे मांजरा धरण’ असं येतं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक तुमच्या रकान्यात आहे. ‘कुठे आहे’ आणि ‘कुणाला पाणी देतं’ हे दोन वेगळे संबंध तुम्ही एका ‘चे’मध्ये कोंबलेत. मराठीतला ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय कोणतंही नातं अंगावर घेतो, मालकीचं, जागेचं, उपयोगाचं, आणि बिडाच्या तव्यात तर ज्याचं बनलं त्या धातूचं. त्याच्यावर एकट्यावर कधीच विसंबू नका.

तसंच नावांचं. पूर्णा म्हटलं की येलदरी जिच्यावर आहे ती गोदावरीला मिळणारी नदी. विदर्भातून जाऊन तापीला मिळणारी नदीही पूर्णाच. आणि परभणी जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शनही पूर्णाच. शिरूर तर विचारूच नका: बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ, अहमदपूरजवळचं शिरूर ताजबंद आणि पुण्याचं नुसतं शिरूर. पुण्याच्या बातम्या वेबवर इतक्या जास्त की बहुमताने ठरवलंत तर चारही शिरूर पुण्याला जातील. उपाय सोपा आहे: नाव एकटं वाचू नका, बातमीच्या सुरुवातीला डेटलाइन (बातमी जिथून आली ते गाव) कुठली आहे आणि त्याच बातमीत शेजारची कोणती गावं आहेत ते बघा. बातमीत केज, पाटोदा, आष्टी असेल तर ते शिरूर कासार.

वेळेचंही तेच. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. लातूर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात. जालना १ मे १९८१ ला वेगळा झाला. २०२३ पासून कागदोपत्री औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण वेबवरचा त्याआधीचा सगळा मजकूर जुन्याच नावाने आहे आणि नंतरच्यातही सरमिसळ आहे. म्हणून प्रत्येक नोंदीला ‘कधीपासून कधीपर्यंत’ हे दोन रकाने पाहिजेतच. लातूरच्या पाणीगाडीचंच बघा. एका बातमीत ५ लाख लिटर, दुसरीत २५ लाख. खरं कोणतं? दोन्ही. एप्रिल २०१६ मधल्या पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, पुढे ५० टाक्यांची गाडी आली. तारीख नसेल तर प्रोग्राम यातलं एक फेकून देईल, नाहीतर सरासरी काढून तिसराच आकडा देईल. तो सगळ्यांत वाईट.

आकड्यांवर आलोच आहोत तर धरणसाठ्याबद्दल थोडं बैजवार सांगतो, कारण तुमचं मुख्य काम तेच दिसतंय. जायकवाडीची क्षमता कुठे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) लिहिलेली असते, कुठे ७६. पहिला एकूण साठा, दुसरा उपयुक्त साठा. मधला २६ टीएमसी मृतसाठा, जो दारांतून बाहेर येत नाही. सरकारी तक्त्यात हेच दलघमीमध्ये (दशलक्ष घनमीटर) असतं: एकूण २,९०९, उपयुक्त २,१७१. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. टक्केवारी बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याची असते. म्हणून उन्हाळ्यात ‘शून्य टक्के’ अशी बातमी येते आणि फोटोत पाणी दिसत असतं. दोन्ही खरं असतं. त्यामुळे साठ्याच्या नोंदीत नुसता आकडा साठवू नका. आकडा, एकक, कोणता साठा आणि कोणत्या दिवशीचा, असे चार भाग एकत्रच ठेवा. यातला एक जरी मिळाला नाही तरी नोंद कच्च्या वहीतच राहू द्या. आणखी एक: जायकवाडी आणि नाथसागर वेगळी मोजू नका. धरण जायकवाडी, त्याचा जलाशय नाथसागर, बातमीदार दोन्ही नावं एकाच परिच्छेदात वापरतात.

मग आपले अपूर्णांक. ‘पावणेदोन टीएमसी’, ‘साडेसतरा टक्के’, ‘सव्वाशे दलघमी’. यासाठी तयार कोड कुठे मिळेल याची वाट बघू नका, दोन तासांत लिहून होतो. साडे म्हणजे अर्धा जास्त, पावणे म्हणजे पाव कमी, सव्वा म्हणजे पाव जास्त. पण मागे शे, हजार, लाख आलं की पाव त्याचा: सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, सव्वा लाख १,२५,०००. दीड आणि अडीच वेगळे लिहा, ते नियमात बसत नाहीत.

वाक्याचा शेवटही वाचा. मराठीत नकार आणि शक्यता क्रियापदापाशी येते. ‘धरण शंभर टक्के भरलेले नाही’, ‘भरण्याची शक्यता’, ‘भरण्याच्या मार्गावर’ या तिन्हींत ‘धरण’, ‘शंभर टक्के’ किंवा ‘भर’ सापडतं आणि आकडा उचलून प्रोग्राम पळतो. ‘गतवर्षी याच दिवशी’ हे शब्द दिसले की पुढचा आकडा आजचा धरायचा नाही. आणि मथळे तर सरळ सोडून द्या. ‘जायकवाडी शंभरीच्या उंबरठ्यावर’, ‘मांजराने तळ गाठला’, ‘नाथसागर तुडुंब’ हे माणसांसाठी लिहिलेलं असतं.

शब्दरूपांचं तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो, कारण पहिल्या फेरीतल्या ज्या गावांना तुमचा प्रोग्राम मुकतो ती इथेच हरवतात. औसा, पण औशात. निलंगा, पण निलंग्याला. परंडा, पण परंड्यात. लातूर, पण लातुरात. उदगीर, पण उदगिरात. तुमचं स्वतःचं गाव तुमच्याच प्रोग्रामला सापडत नसेल, तपासून बघा. प्रत्यय छाटून मूळ रूप काढण्यापेक्षा मी उलटं करतो: तालुक्यांची यादी घेऊन प्रत्येक नावाची सगळी सामान्यरूपं आधीच तयार करून ठेवतो. मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके आहेत. एका संध्याकाळचं काम. तसं केलं असतं तर ‘बिडाच्या’ हे रूप बीडच्या खाती गेलंच नसतं, कारण बातम्यांत शहराचं ‘बीडच्या’ असंच होतं. आणि ‘शेतकऱ्यांच्या’मधला ‘ऱ्य’ संगणकात दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिलेला सापडतो. दिसायला सारखाच, तुलना केली तर वेगळा. मजकूर आत घेतानाच एकसारखा करून घ्या. जुन्या पानांत आणि पीडीएफमध्ये युनिकोडपूर्व फॉन्टचा मजकूर असेल तर तो आधी बदलून घ्यावा लागतो, ते वेगळंच दुखणं आहे.

दोन वेगळे उगम म्हणालो, ते मोजायला वाटतं तितकं सोपं नाही. एका तालुका वार्ताहराने पाठवलेली बातमी दुपारपर्यंत सात ठिकाणी चिकटवलेली असते, चुकीसकट. प्रोग्रामला वाटतं सात जणांनी साक्ष दिली. मला एकदा एका तलावाचा साठा दहापट जास्त मिळाला होता, दशांशचिन्ह गळाल्यामुळे, आणि ‘पुरावे’ होते नऊ. तेव्हापासून मी सलग आठ शब्दांचे तुकडे पाडून दोन बातम्या ताडून बघतो. एक तृतीयांश तुकडे जुळले की दोन्ही मिळून साक्षीदार एकच. हे प्रमाण माझ्या कामापुरतं आहे, तुमच्या बातम्यांवर वेगळं निघू शकेल.

आतापर्यंतचं थोडक्यात मांडायचं तर: दोन वह्या, पक्क्यावरूनच साचे, सोबत नको असलेले प्रकारही शिकवा, प्रत्येक नोंदीला तारीख आणि मूळ वाक्य, आणि नक्कल ती एकच साक्ष. याच्यानंतर खुणांचा प्रश्न येतो.

तर खुणा किती? हे तुम्हाला काय काढायचंय त्यावर आहे. गाव-तालुका-जिल्हा यासाठी शून्य. ती माहिती बातम्यांतून शिकवूच नका, केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत सगळी गावं कोडसकट आहेत. त्या यादीला मास्तर करा. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने हीच युक्ती वापरली होती: तयार माहितीसंचातली जोडी ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य त्या नात्याचं उदाहरण धरायचं, माणसाने खुणा करायच्याच नाहीत. काही वाक्यं चुकीची येतात, पण संख्येत ती जिरतात. तुमच्या पाच-सहा हजार बातम्यांत मात्र सगळी जिरणार नाहीत, म्हणून त्यातली दोनशे तरी डोळ्यांखालून घाला.

नावं ओळखण्यासाठीही कोऱ्या पाटीवरून सुरुवात नको. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये २५,००० मराठी वाक्यांवर आठ प्रकारच्या खुणा करून महानेर हा संच खुला केला आहे. त्यावर शिकलेलं मॉडेल घ्या आणि फक्त धरण, नदी, साठा एवढ्यासाठी तुमची चारशे-पाचशे वाक्यं वर घाला. माझ्या अनुभवात एवढ्यावर काम सुरू होतं. त्यापुढे वाक्यं वाढवण्यापेक्षा चुकलेली वाक्यं निवडून त्यांवर खुणा केल्याने जास्त फरक पडतो.

पण त्याआधी तीनशे वाक्यं बाजूला काढा, हाताने तपासा आणि प्रोग्रामला कधीच दाखवू नका. दर फेरीनंतर याच तीनशेंवर मोजा. तुम्ही हे केलं असतं तर पाचव्या फेरीपर्यंत वाट बघावी लागली नसती. यातली शंभर वाक्यं मित्राकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. ‘मांजरा धरण परिसरातील गावांत’ यात ‘मांजरा धरण’ला ठिकाण म्हणायचं की प्रकल्प, यावर तुमचं दोघांचं जमत नसेल, तर यंत्राकडून काय अपेक्षा करणार?

आणि माणसाचा वेळ राखून ठेवा. ‘नेल’वाल्यांनीही पहिले सहा महिने जवळजवळ हात न लावता ती चालू दिली, नंतर मात्र दर पंधरवड्याला प्रत्येक प्रकारावर पाच-पाच मिनिटं नजर टाकायला लागले. मी रविवारी सकाळी तासभर कच्ची वही चाळतो. सगळी नाही, त्या आठवड्यात नवीन जन्मलेले साचे आणि प्रत्येक साच्याची पहिली दहा फळं. एक वाईट साचा मारला की त्याच्या खालच्या शेकडो नोंदी जातात. म्हणून तर प्रत्येक नोंदीपाशी ती कोणत्या साच्यातून आली ते लिहून ठेवायचं.

आता चॅटबॉट. वापरा, पण वाचणारा म्हणून. जाणता म्हणून नको. जायकवाडी कोणत्या नदीवर हे तो बरोबर सांगेल, कारण ते हजारो पानांवर आहे. तुमच्या तालुक्यातल्या साठवण तलावाबद्दल विचाराल तर तितक्याच ठामपणे काहीतरी रचून सांगेल, आणि ठामपणाच्या पट्टीवर दोन उत्तरांत फरक दिसणार नाही. त्याउलट एक वाक्य समोर ठेवून ‘यातला साठा, एकक, दिवस काढ आणि ज्या शब्दांवरून काढलास ते शब्द जसेच्या तसे दे’ असं सांगितलंत, तर तो माझ्या जुन्या साच्यांपेक्षा कितीतरी चांगलं काम करतो. ‘पावणेदोन’ आणि ‘भरण्याच्या मार्गावर’ही त्याला बहुतेक वेळा कळतं. मग तुमच्या प्रोग्रामने एवढंच बघायचं की दिलेले शब्द मूळ वाक्यात खरंच आहेत का. नसतील तर नोंद फेका. असतील तरी ती कच्च्याच वहीत. चॅटबॉटने काढली म्हणून पक्की होत नाही, आणि त्याच मॉडेलला पुन्हा विचारून ‘बरोबर आहे ना?’ म्हणणं ही दुसरी साक्षही होत नाही. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (चॅटबॉट मजकुराचे जे तुकडे पाडून मोजतो ते) लागतात, म्हणजे पैसेही. म्हणून साठा, टीएमसी, दलघमी, टक्के यांपैकी काहीतरी असलेलीच वाक्यं त्याच्याकडे पाठवा, अख्खी बातमी नको.

बातम्या उतरवून घेताना संकेतस्थळाची रोबॉट्स फाइल (प्रोग्रामने कोणती पानं उतरवू नयेत हे सांगणारी) पाळा, दोन मागण्यांमध्ये काही सेकंद जाऊ द्या आणि पूर्ण बातम्यांचा साठा कुठे जाहीर टाकू नका. आकडे वेगळे, बातमीदाराचा मजकूर वेगळा.

आता तुम्ही आज काय करायचं ते सांगतो. पाचव्या फेरीच्या यादीतली सर्वांत हास्यास्पद वीस नावं घ्या. प्रत्येकाच्या मागे जाऊन ती कोणत्या साच्यातून आली आणि तो साचा कोणत्या उदाहरणावरून आला, हे हाताने काढा. वीसपैकी पंधरा-सोळा एकाच आजोबांपाशी पोचतील, असा माझा अंदाज आहे. ते आजोबा सापडले की ते वाक्य इथे टाका. ‘आदी’ असेल नाहीतर ‘च्या’. तिसरं काही निघालं तर मलाही बघायचंय.